बोटींच्या विधेयकावरची साक्ष

बाबा — ...आणि मंजूर झालं, एवढंच म्हणाली ती रेडिओवरची बाई त्या दिवशी. पुढे लगेच हवामान. बोटींचं विधेयक मंजूर, उद्या आकाश अंशतः ढगाळ. मी त्यातून काय समजायचं?

लेक — तेवढंच झालं, बाबा. मंजूर झालं.

बाबा — त्या विधेयकापायी तू घरी धड जेवत नव्हतीस, आणि आता सांगतेस तेवढंच झालं. ऑपरेशननंतर माझे डोळे बांधलेत, कान नाही बांधले कुणी.

लेक — डॉक्टर म्हणालेत, तुम्हाला बोलायला लावायचं नाही.

बाबा — मी कुठे बोलतोय? तू बोल. अख्खी नोकरी त्या सभागृहात दुसऱ्यांची भाषणं लघुलिपीत उतरवण्यात गेली माझी. गप्प बसून ऐकण्याचाच पगार होता तो.

लेक — कुठून सांगू?

बाबा — बोट बुडाली तिथून नको. गेल्या वर्षी नदीत प्रवाशांची बोट उलटली, माणसं गेली, मंत्री म्हणाले कायदा करतो. इथपर्यंत माझं वाचून झालंय. विधेयक तुमच्या समितीकडे आलं तिथून सांग.

लेक — तुमच्या वेळी यायचंच नाही ना समितीकडे काही.

बाबा — सकाळी विधेयक टेबलावर यायचं, दुपारच्या चहाआधी मंजूर. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं लिहून व्हायचं. पुढे काय येणार ते पाठ असायचं. हं, तू सांग.

लेक — आता नवीन नियमाने प्रत्येक विधेयक आधी समितीकडे जातं. समितीने अधिकाऱ्यांना बोलवायचं, प्रश्न विचारायचे, मग अहवाल द्यायचा. सदस्यांना याची सवय नाही, म्हणून मदतीला आमचा अभ्यास विभाग काढला. संसदेची क्षमता वाढवायची म्हणून बाहेरचे सल्लागार आले होते, आठवतंय? आठवडाभर कार्यशाळा घेतली. सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या दिल्या आणि मनातले प्रश्न लिहून भिंतीवर चिकटवायला सांगितले.

बाबा — मग? वाढली क्षमता?

लेक — चिठ्ठ्या पडल्या. त्या भिंतीला ओल आहे.

बाबा — समितीची खोली म्हणजे ती जिन्याखालची ना? आमच्या वेळी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे.

लेक — तीच. खुर्च्या दुरुस्त केल्या. लांब टेबल आणलं, माइक बसवले, त्यातले निम्मे चालतात. भिंतीलगत एक बाक आहे, पत्रकारांसाठी. समितीचे अध्यक्ष म्हणून मास्तरांना नेमलं.

बाबा — कोण मास्तर?

लेक — सत्ताधारी पक्षातले आहेत. आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे मास्तरच म्हणतात. तीन वेळा निवडून आलेत आणि तोवर सभागृहात एकदाही तोंड उघडलं नव्हतं. कानाने अधू आहेत. पक्षाला वाटलं, हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात, याला अध्यक्ष केला की समिती गपगुमान चालेल.

बाबा — आणि तुला काय वाटलं?

लेक — मलाही तेच वाटलं. मी ठरवलं, मास्तर नाही विचारणार तर आपण इतरांकडून विचारून घेऊ. आमच्या विभागातल्या सगळ्यांनी बसून वीस प्रश्न काढले. बाहेरच्या देशांचे बोटींचे कायदे वाचले, कलमं लावून पाहिली. फार सुरेख प्रश्न होते, बाबा. एकेक प्रश्न अर्ध्या पानाचा.

बाबा — अर्ध्या पानाचा प्रश्न?

लेक — हो. आता हसा.

बाबा — मी हसलो नाही. पट्टी ओढली गेली. पुढे?

लेक — साक्षीला वाहतूक मंत्रालयाचा उपसचिव आला. मंत्री आले नाहीत, सचिव आले नाहीत, त्या एकट्याला पाठवलं. किडकिडीत माणूस, हातात जाडजूड फाइल. आधी मंत्रालयाचा निरोप आला होता की बैठक बंद दाराआड घ्या. मास्तर म्हणाले, उन्हाळा आहे, दार लावलं तर जीव घाबरेल. म्हणून दार उघडं राहिलं आणि दोन पत्रकार येऊन बाकावर बसले. मग विरोधी पक्षाच्या एका सदस्याने आमचे प्रश्न हातात घेतले आणि वीसच्या वीस एका दमात वाचून काढले.

बाबा — एकापाठोपाठ?

लेक — मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. उपसचिवाने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यातला सगळ्यात सोपा प्रश्न उचलला, नदीत नोंदलेल्या बोटी किती आहेत तो, आणि त्याच्यावर फाइल उघडून मिनिटामागून मिनिटं बोलला. बाकीचे एकोणीस गेले वाऱ्यावर. सदस्य महाशय समाधानाने मागे टेकले. त्यांचं वाचून झालं होतं.

बाबा — त्यात त्यांची चूक नाही. आपल्याकडे प्रश्न म्हणजे भाषणच समजतात. उत्तराची वाट कुणी बघतच नाही.

लेक — मी मागच्या खुर्चीत बसून कपाळाला हात लावला. सगळा अभ्यास पाण्यात गेला म्हटलं.

बाबा — आणि मग मास्तर.

लेक — मास्तरांनी माझा कागद उचलून बाजूला ठेवला. चष्मा काढला. विचारलं, "बोट तपासतं कोण?"

बाबा — एवढंच?

लेक — एवढंच. उपसचिव म्हणाला, सक्षम प्राधिकारी. मास्तर म्हणाले, "ऐकू आलं नाही." त्याने आवाज चढवून सांगितलं, विभागाने नेमून दिलेला निरीक्षक. मास्तर पुन्हा म्हणाले, ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला की निरीक्षकांची पुरेशी व्यवस्था आहे. तरी मास्तरांचं तेच. चिडले नाहीत, आवाज चढवला नाही. एखादं पोर पाढा चुकलं तर म्हणतात ना, पुन्हा म्हण, तसं.

बाबा — त्याच्या बोलण्याचा वेग कसा होता?

लेक — कुणाच्या?

बाबा — उपसचिवाच्या. मी त्यावरून ओळखायचो. लपवणारा माणूस भरभर बोलायला लागतो. लपवून कंटाळलेला हळू होतो.

लेक — हळू झाला. दरवेळी वाक्य छोटं होत गेलं. आधी दोन ओळींचं होतं, मग एका ओळीचं. शेवटी फाइल मिटली आणि म्हणाला, "निरीक्षकांची दोन पदं आहेत साहेब. एक रिकामं आहे. दुसऱ्याचा कारभार माझ्याकडे आहे."

बाबा — अख्ख्या नदीला दोन?

लेक — अख्ख्या देशाला. मास्तरांनी विचारलं, मग तुम्ही तपासता का बोटी? तर तो म्हणाला, "मी हिशेब खात्यातून आलोय. बोटीतलं मला काही कळत नाही. मला पोहतासुद्धा येत नाही."

(नर्स पट्टी सोडून डोळ्यांत थेंब घालायला येते.)

नर्स — काका, मान मागे करा. ताई, तुम्ही बोला, मी माझं काम करते. कुठल्या बोटी? नदीवरच्या?

लेक — हो, नदीवरच्या.

नर्स — मी रोज बोटीनेच येते. डोळा घट्ट मिटू नका, काका. म्हणजे ती बोट कोणीच तपासत नाही?

लेक — कोणी नाही. निदान तेव्हा तरी नव्हतं.

नर्स — आम्हाला वाटायचं, सरकारचं कोणीतरी बघत असेल. बोट उलटली त्या दिवशी मी खाली अपघात विभागात होते. नातेवाईक येऊन विचारायचे, कुणाची जबाबदारी? आम्ही म्हणायचो, आधी नाव सांगा, कोण हरवलंय ते सांगा. दुसरं काय बोलणार? झालं, काका, पट्टी बांधली. दहा मिनिटं असेच पडून राहा.

बाबा — सिस्टर, बसायचं असेल तर बसा. ही समितीची गोष्ट सांगतेय. माझी लेक संसदेत आहे.

नर्स — निवडून आलेली?

लेक — नाही हो. निवडून आलेल्यांना कागद काढून देणारी.

नर्स — मला तीन खाटा अजून बाकी आहेत. पण उभ्याने ऐकते थोडं. मग तो काय म्हणाला, पोहता न येणारा?

लेक — खोलीत सगळे गप्प झाले. सल्लागारांनी कार्यशाळेत सांगितलं होतं, साक्षीदार गप्प झाला की तुम्हीही गप्प राहा. तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी आपोआप झालं. मग उपसचिव स्वतःहूनच बोलायला लागला. दरवर्षी वरती लिहून पाठवतो म्हणाला, माणसं द्या म्हणून. बोट उलटली त्याच्या आदल्या वर्षीही पाठवलं होतं. आणि मग म्हणाला, "मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

बाबा — रडला?

लेक — नाही. उलट त्याचा चेहरा उतरला होता तो सरळ झाला. दाढदुखी थांबल्यावर माणूस दिसतो तसा दिसत होता. मास्तर म्हणाले, "आता ऐकू आलं." आणि बैठक संपवली.

बाबा — एक सांग. त्यांना खरंच ऐकू येत नाही?

लेक — डाव्या कानाने येत नाही. उपसचिव उजवीकडे होता.

नर्स — भारी माणूस आहे मग.

लेक — थांबा, पुढचं ऐका. समितीने एकमताने दुरुस्ती सुचवली. निरीक्षक नेमल्याशिवाय हा कायदा लागू करायचा नाही, आणि तपासल्याशिवाय एकही बोट धक्क्यावरून सुटायची नाही. साधी, दोन वाक्यांची दुरुस्ती. मास्तरांनी मला ती पुन्हा पुन्हा लिहायला लावली. म्हणाले, बोटवाल्याला वाचून कळली पाहिजे. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं सगळं. संसदेच्या समितीची बातमी पहिल्या पानावर मी पहिल्यांदा बघितली.

बाबा — मंत्री?

लेक — मंत्री भडकले. त्यांनी पक्षाकडून आदेश काढला की दुरुस्तीच्या विरोधात मत द्यायचं. सभागृहात विधेयक आलं. मास्तरांनी उभं राहून अहवाल मांडला, व्यवस्थित, सगळं वाचून दाखवलं. मग मतदान झालं आणि मास्तरांनी आपल्याच दुरुस्तीविरुद्ध हात वर केला.

नर्स — स्वतःच सुचवलेल्या?

लेक — स्वतःच सुचवलेल्या. दुरुस्ती पडली आणि विधेयक जसं मंत्र्यांनी आणलं होतं तसंच्या तसं मंजूर झालं. रेडिओने सांगितलं ते एवढंच.

बाबा — हं.

लेक — मी त्यांच्या खोलीत गेले. आमच्यासारख्यांनी सदस्याला जाब विचारायचा नसतो, तुम्हीच शिकवलंय. पण गेले. ते खिडकीशी बसून पेरू कापत होते. मी म्हटलं, तुम्ही असं कसं केलंत? मला वाटलं ते म्हणतील, ऐकू आलं नाही.

बाबा — काय म्हणाले?

लेक — म्हणाले, "पक्षाविरुद्ध हात वर केला असता तर संध्याकाळपर्यंत अध्यक्ष दुसरा आला असता. त्याचे दोन्ही कान चांगले असते." पेरूची एक फोड मला दिली. मग म्हणाले, "माझं मत आज होतं, संपलं. साक्ष राहील. ती कुणाला मागे घेता येत नाही."

बाबा — तुला पटलं?

लेक — अर्धं. अजूनही अर्धंच पटलंय. रात्री वाटतं भित्रे आहेत, सकाळी वाटतं शहाणे आहेत.

बाबा — मी अशी माणसं पुष्कळ लिहून काढली. त्यांच्या भाषणांवरून मला कधी ठरवता आलं नाही. ठरवायचं काम नव्हतंच माझं.

नर्स — ते असू द्या. आता बोटी तपासतात का, ते सांगा.

लेक — दुरुस्ती पडली, पण बातमी झाली होती. पंधरवड्यात मंत्रालयाने निरीक्षकांच्या जागांची जाहिरात काढली. गाजावाजा न करता.

नर्स — जाहिरात म्हणजे तपासणी नव्हे.

लेक — नव्हे.

नर्स — आमच्या धक्क्यावर परवा एका बोटवाल्याने पाटी लावली. तपासलेली बोट. मी विचारलं, कोणी तपासली? म्हणाला, मीच. पण एक आहे, त्या दिवशी पहिल्यांदा माणसं बोटीत चढायच्या आधी विचारत होती. आधी कुणी विचारायचं नाही. एक म्हातारी तर बोटीला भोक आहे का बघायला वाकली होती. येते मी. काका, डोळा चोळायचा नाही.

बाबा — हात लावत नाही, सिस्टर. ...गेली?

लेक — गेली.

बाबा — आता खरं सांग. तुझ्यावर काही आलं का?

लेक — संसदेच्या महासचिवांनी बोलावलं होतं. त्यांच्या केबिनमध्ये नवा गालिचा आलाय. त्यावर उभं करून सांगितलं की साक्षीदारांना असं कोंडीत पकडणं संसदेला शोभत नाही. इथून पुढे प्रश्न आठवडाभर आधी लेखी पाठवायचे. मी हो म्हटलं. पहिला प्रश्न लेखी पाठवते म्हटलं. उत्तर आल्यावर सुचलेला प्रश्न आठवडाभर आधी कसा पाठवायचा, ते मी विचारलं. त्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. अजून कळवलेलं नाही.

बाबा — कळवणार नाहीत. आणि तो उपसचिव?

लेक — साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी त्याची बदली झाली. शहराबाहेर मंत्रालयाचं गोदाम आहे, जुन्या सामानाचं, तिथे टाकलं. मला हे कळलं तेव्हा फार लागलं, बाबा. त्याला बोलतं आम्ही केलं आणि भोगायचं त्याने. मास्तर पुन्हा निवडून येतील, मंत्री मंत्री राहतील, मला नोकरी आहे. गोदामात तो एकटा.

बाबा — भेटलीस त्याला?

लेक — गेले होते. बस शेवटच्या थांब्यापर्यंत, मग चालत. पाण्यातल्या खुणेच्या तुटक्या बोयांच्या आणि जुन्या होकायंत्रांच्या मध्ये टेबल टाकून बसला होता. मला वाटलं शिव्या घालेल. त्याने चहा मागवला. मी माफी मागायला लागले तर म्हणाला, झोप चांगली लागते आता. मग मी त्याला विचारलं, आमच्या विभागात येता का?

बाबा — संसदेत? तुमच्याकडे?

लेक — आमच्याकडे हुशार मुलं आहेत, परदेशांतले कायदे तोंडपाठ. पण मंत्रालयात उत्तर कसं बनवतात, पुरेशी व्यवस्था म्हणजे नेमकं काय, काय लिहिलं की समजायचं पद रिकामं आहे, हे एकालाही कळत नाही. तो आयुष्यभर अशी उत्तरं बनवत आलाय.

बाबा — महासचिव कबूल झाले?

लेक — आधी नाही म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तो बाहेर राहिला तर पत्रकार त्याला गाठतील. आत आला तर संसदेच्या नियमांनी त्याला बाहेर बोलता येणार नाही. त्यांनी लगेच सही केली.

बाबा — हे तू कुठे शिकलीस?

लेक — कार्यशाळेत नाही.

बाबा — कधी येणार तो?

लेक — आला. सोमवारपासून माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. पुढच्या आठवड्यात रस्ते विभागाचे लोक साक्षीला येतायत, पुलांच्या विधेयकावर. मुलांनी त्याला विचारलं, कोणते प्रश्न काढायचे? मी कान देऊन ऐकत होते. मला वाटलं, आता मंत्रालयाची सगळी गुपितं सांगेल.

बाबा — आणि?

लेक — म्हणाला, प्रश्नांचं नंतर बघू, आधी साक्षीदाराला बसायला खुर्ची ठेवा. मी पूर्ण वेळ उभा होतो.

बाबा — खरंच उभा होता?

लेक — हो. आणि खोलीतल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.